रिपोर्टमधली ग्लोब्युलिनची ओळ : वारंवार उचल खाणाऱ्या सीओपीडीचं एक प्रकरण

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातले काका. वय ६१, वजन ५४ किलो. तीस वर्षं बिडी ओढली, चार वर्षांपूर्वी सोडली ती कायमची. द्राक्षबाग आता मुलगा बघतो. डिसेंबरात माझ्याकडे आले तेव्हा सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा, वर्षभरातला हा पाचवा ॲटॅक होता, आणि आधीच्या चारांपैकी दोन वेळा भरती व्हावं लागलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

प्रत्येक ॲटॅकची गोष्ट एकाच साच्यातली. आधी दोन दिवस कफ वाढायचा, मग तो पिवळा-हिरवा व्हायचा, मग धाप. १९८७ साली अँथोनिसेन यांनी सीओपीडीची उचल ओळखायला जी तीन लक्षणं सांगितली, म्हणजे दम वाढणं, कफ वाढणं आणि कफाचा रंग बदलणं, ती तिन्ही दर वेळी हजर. म्हणजे उचल जंतुसंसर्गाची होती यात फारशी शंका नव्हती. नेब्युलायझर, अँटिबायोटिक आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा छोटा कोर्स घेतला की आठवड्यात आराम पडायचा. दोन महिने गेले की पुन्हा तेच.

असा पेशंट आला की आपण नेहमीची कारणं एकेक करून खोडत जातो. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून करायच्या फुप्फुसांच्या तपासणीत, एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोरात सोडलेली हवा) आणि एफव्हीसी (एका दमात सोडलेली एकूण हवा) यांचं गुणोत्तर ०.५२, एफईव्ही१ अपेक्षेच्या ४४ टक्के. निदान बरोबर, आजार गंभीर टप्प्यातला. इनहेलर समोर बसवून घ्यायला लावला: कॅप्सूल नीट फोडली, श्वास आधी पूर्ण सोडला, मग जोरात ओढला, दहा सेकंद रोखला. शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. घरात गॅस आहे, चूल फक्त अंघोळीच्या पाण्याला आणि ती परसात. कफाची सीबीनॅट टीबीसाठी निगेटिव्ह. सीटीमध्ये वरच्या भागात एम्फिसेमा, म्हणजे हवेच्या पिशव्या विरलेल्या, खाली श्वासनलिकांच्या भिंती थोड्या जाड, पण ब्रॉन्किएक्टेसिस म्हणावा असा नलिकांचा कायमचा फुगवटा नाही. इकोत हृदय ठीक. जळजळ, आंबट ढेकर नाहीत. इओसिनोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, ८०. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कफाच्या कल्चरमध्ये एकदा हिमोफिलस इन्फ्लुएन्झा आणि एकदा न्यूमोकोकस निघाला होता, दोन्ही साध्या अँटिबायोटिकला दाद देणारे.

जंतू साधे, औषध लागू पडणारं, पेशंट शिस्तीचा. तरी वर्षात पाच वेळा. मग प्रश्न जंतूंचा राहत नाही, तो माणसाच्या प्रतिकाराचा होतो.

फाईलमधले तीन लिव्हर रिपोर्ट

काकूंनी कापडी पिशवीतून जाडजूड फाईल काढली. सगळे कागद तारखेनुसार लावलेले. भरतीच्या वेळी लिव्हर फंक्शन टेस्ट होतेच, त्यामुळे तीन निरनिराळ्या लॅबचे तीन रिपोर्ट सापडले. बिलिरुबिन, एसजीपीटी सगळं छान. खाली टोटल प्रोटीन ६.१, अल्ब्युमिन ४.२, ग्लोब्युलिन १.९. चार महिन्यांनी ६.०, ४.२, १.८. त्यानंतर ५.९, ४.२, १.७. ग्लोब्युलिनच्या आकड्यापुढे तिन्ही वेळा 'कमी' असल्याची बारीक खूण. कुणाच्या डोळ्यात ती भरली नसावी आणि याचं मला नवल वाटत नाही. लिव्हरचा रिपोर्ट हातात आला की नजर कावीळ आणि एन्झाइम शोधते. शिवाय आपल्याकडे ग्लोब्युलिन वाढलेलं बघायची सवय असते: टीबी, जुनाट संसर्ग, सिरॉसिस, मायलोमा (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग). कमी ग्लोब्युलिन हा शब्दप्रयोगसुद्धा ओपीडीत क्वचित ऐकू येतो.

ग्लोब्युलिन लॅब वेगळं मोजत नाही. एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केलं की जे उरतं ते ग्लोब्युलिन. त्यातला मोठा वाटा इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचा, आणि त्यातही आयजीजी या प्रकाराचा. म्हणून अल्ब्युमिन उत्तम असताना ग्लोब्युलिन २ च्या खाली जात असेल, तर आयजीजी कमी असण्याची शक्यता बरीच मोठी असते. हे गणित फुकटचं आहे. जिथे आयजीजीची तपासणी होत नाही त्या गावातही ते करता येतं.

या विचाराची मुळं जुनी आहेत. स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी १९३० च्या दशकात विजेच्या प्रवाहात रक्तातली प्रथिनं वेगळी करून दाखवली आणि त्यांच्या गॅमा पट्ट्यात प्रतिपिंडं असतात हे १९३९ साली एल्विन काबाट यांच्यासोबत सिद्ध केलं. पुढे १९५२ साली अमेरिकी सैन्याच्या वॉल्टर रीड रुग्णालयातले कर्नल ऑग्डेन ब्रुटन यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या रक्तात पुन्हा पुन्हा न्यूमोकोकस भिनायचा. त्याचं रक्त याच तंत्रानं तपासलं तर गॅमाचा पट्टा जवळजवळ कोराच. ब्रुटन यांनी त्याला दर महिन्याला गॅमा ग्लोब्युलिनची इंजेक्शनं दिली आणि संसर्गांची ती मालिका थांबली. प्रतिकारशक्तीतल्या प्रथिनांची कमतरता हा आजार असू शकतो हे वैद्यकाला इथून उमगलं. आमच्या काकांचा आजार त्या मुलासारखा जन्मजात नाही, पण जंतू तोच होता.

आकडा आला

आयजीजी ४६८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. साधारण पातळी ७०० ते १६००. प्रतिपिंडांचे दुसरे दोन प्रकार: आयजीए ९२, आयजीएम ५५. दोन्ही मर्यादेत, खालच्या कडेला.

एकटं आयजीजी खाली आणि बाकीची दोन जागेवर, या चित्राला अर्थ आहे. प्रौढ वयात दिसणाऱ्या जन्मजात कमतरतेत, ज्याला सीव्हीआयडी म्हणतात, आयजीजीसोबत आयजीए किंवा आयजीएमही घसरलेलं असावं लागतं आणि लसीला प्रतिसाद कमी यावा लागतो. इथे तसं नव्हतं. मग आयजीजी कुठे जातंय, की बनतच नाही, हे शोधायचं.

लघवीतून प्रथिनं जात नव्हती. अल्ब्युमिन ४.२ असताना किडनीतून किंवा आतड्यातून मोठी गळती असणं तसंही कठीण, कारण अशा गळतीत अल्ब्युमिनही जातं. सीरम इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे टिसेलियस यांच्या त्याच तंत्रात, मायलोमाचा टोकदार पट्टा नव्हता, गॅमाचा भाग मात्र फिकट होता. लिम्फोसाइट वाढलेले नव्हते, मानेत-काखेत गाठी नव्हत्या, म्हणजे रक्तातल्या लिम्फोसाइटच्या कर्करोगाकडे बोट दाखवणारं काही नाही. फिटच्या काही गोळ्यांनी आयजीजी घसरतं. त्या ते घेत नव्हते.

राहिलं स्टेरॉइड. पण फाईलप्रमाणे वर्षात पाच कोर्स, प्रत्येकी ४० मिलिग्रॅम, पाच दिवस. एकूण १००० मिलिग्रॅम. पाच दिवस पुरतात, चौदा दिवसांची गरज नाही, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या रिड्यूस चाचणीनं दाखवलं आहे, आणि इथे ते पाळलं गेलं होतं. एवढ्यानं आयजीजी इतकं खाली जाऊ नये.

तपासताना हातावरची कातडी मात्र पातळ, कागदासारखी होती, जागोजागी जांभळे डाग. चेहरा ५४ किलोच्या माणसाचा वाटत नव्हता, गोल वाटत होता. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.९, पूर्वी साखर कधीच नव्हती. ही सगळी जास्त स्टेरॉइडची चिन्हं. मी पुन्हा विचारलं, "काका, इनहेलर सोडून दुसरं काय घेता?"

"काय नाही साहेब. तुमच्या चिठ्ठीतलंच."

काकू मागून म्हणाल्या, "आवं, ती पांढरी गोळी सांगा की."

काकांनी बंडीच्या खिशातून चंची काढली. सुपारी, चुन्याची डबी आणि घडी घातलेल्या कागदात एक स्ट्रिप. प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम. दोन वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी चिठ्ठीवर दुकानातून मिळत राहिलेली. सकाळी एक, संध्याकाळी एक. "ही घेतली की बागेपर्यंत चालता येतंय. भूक लागती." लपवण्याचा हेतू अजिबात नव्हता. त्यांच्या लेखी ती दम्याची रोजची गोळी होती, आम्ही विचारत होतो आजारपणाच्या औषधांबद्दल. वर्षातले नऊ महिने तरी घेतली असावी असा हिशोब निघाला. रोज २० मिलिग्रॅमप्रमाणे २७० दिवस म्हणजे ५४०० मिलिग्रॅम. चिठ्ठीवरच्या स्टेरॉइडच्या पाचपटीहून जास्त.

मला हा माणूस दोषी वाटत नाही. ज्याला दहा पावलांवर थांबावं लागतं त्याला वीस पावलं चालवणारी गोळी कुणी हातात दिली तर तो ती सोडणार नाही. चिठ्ठी जुनी झाली हे पाहण्याचं काम दुकानाचं होतं, आणि 'ही रोज घ्यायची नाही' हे ठासून सांगण्याचं काम लिहून देणाऱ्याचं.

आयजीजी फुप्फुसात काय करतं

न्यूमोकोकसच्या अंगावर साखरेचं गुळगुळीत आवरण असतं. फुप्फुसातल्या भक्षक पेशींना तो नुसता हाती लागत नाही. नदीवरच्या बायका वाम मासा साफ करताना हाताला आधी राख लावतात, नाहीतर तो निसटतो. आयजीजी हे त्या राखेचं काम करतं. जंतूला चिकटतं, आणि भक्षक पेशीला आयजीजीची शेपटी धरून तो गिळता येतो. नाक-घशाच्या पृष्ठभागावर मुख्य पहारा आयजीएचा, पण खोल फुप्फुसात रक्तातून झिरपून येणारं आयजीजी फार मोलाचं. त्याचे चार उपप्रकार आहेत आणि साखरेच्या आवरणाविरुद्ध लढण्यात आयजीजी२ चा वाटा मोठा. सीओपीडीत नलिकांच्या आतल्या केसांसारख्या तंतूंची झाडलोट आधीच मंदावलेली असते. त्यात ही पकडही सुटली, तर साधा जंतूही महाग पडतो.

उत्तर अमेरिकेत सीओपीडीवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या होत्या. एकीत, मॅक्रोमध्ये, ११४२ जणांना वर्षभर रोज २५० मिलिग्रॅम अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली; निष्कर्ष २०११ साली आले. दुसरीत, स्टॅटकोपमध्ये, ८८५ जणांवर कोलेस्टेरॉल उतरवणारं सिम्वास्टॅटिन तपासलं. ते २०१४ साली आले, आणि त्या औषधाचा ॲटॅकवर काही उपयोग दिसला नाही. पण दोन्ही चाचण्यांतलं रक्त जपून ठेवलेलं होतं. पुढे संशोधकांनी त्यात आयजीजी मोजलं तेव्हा सुमारे चौथ्या हिश्श्याच्या पेशंटमध्ये ते ७०० च्या खाली निघालं, आणि त्याच लोकांना ॲटॅक जास्त येत होते, भरतीची वेळही जास्त येत होती. नंतर उपप्रकार तपासले तेव्हा आयजीजी१ आणि आयजीजी२ कमी असणाऱ्यांचंही तेच.

या माहितीकडे मी दोन गोष्टी ध्यानात ठेवून बघतो. पहिली, हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. ज्याला ॲटॅक जास्त येतात त्याला स्टेरॉइड जास्त मिळतं, आणि स्टेरॉइड आयजीजी खाली ओढतं. बिडी-सिगारेटही ते खाली ओढते. आधी काय झालं हे एका रक्ताच्या नमुन्यावरून कळत नाही. दुसरी गोष्ट आपल्याकडची. लहानपणापासून जंतूंशी पडलेली गाठ बघता आपल्या भागात आयजीजी वरच्या बाजूला असलेलं मला नेहमी दिसतं. तिथे ४६८ हा आकडा आणखी खटकतो.

आणि आपल्याकडचा सीओपीडीही त्यांच्यासारखा नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली लॅन्सेटमध्ये बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं तेव्हा चुलीच्या धुराचा मुद्दा जगापुढे ठळकपणे आला. २०१६ सालच्या अंदाजाप्रमाणे भारतात साडेपाच कोटी लोकांना हा आजार आहे. यातल्या चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायकांचं आयजीजी कसं असतं, यावर इथेच काम व्हायला हवं. मला ते मनापासून हवं आहे.

काय ठरवलं

मुलानं मोबाईलवर वाचून विचारलं, "डॉक्टर, ते इम्युनोग्लोब्युलिनचं सलाईन असतं म्हणे. ते लावून टाकायचं का?"

प्रश्न रास्त होता. हे औषध हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं आणि दर तीन-चार आठवड्यांनी किलोमागे ४०० मिलिग्रॅमपासून पुढे द्यावं लागतं. ५४ किलोला जवळपास २२ ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या चार-पाच बाटल्या, आणि आयजीजीचं अर्धायुष्य तीन आठवड्यांचं असल्यानं हे चालूच ठेवायचं. द्राक्षाच्या एका खराब हंगामात हे घर कर्जात जाईल. पैसे असते तरी मी लगेच हो म्हटलं नसतं. युरोपातल्या औषध नियामकांच्या अटीही हेच सांगतात: दुय्यम कारणानं, म्हणजे औषधामुळे किंवा दुसऱ्या आजारामुळे, आलेल्या कमतरतेत गंभीर किंवा वारंवार संसर्ग हवेत, अँटिबायोटिकनं ते आवरत नसावेत, आणि एकतर लसीला प्रतिसाद येत नसावा किंवा आयजीजी ४०० च्या खाली असावं. आपल्याकडे कारण हाताशी होतं आणि ते काढता येण्यासारखं होतं.

त्यामुळे मुख्य उपचार म्हणजे ती पांढरी गोळी उतरवणं. एकदम बंद नाही. नऊ महिन्यांत त्यांच्या अड्रेनल ग्रंथी, ज्या शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवतात, झोपी गेल्या असणार, आणि गोळी अचानक थांबवली तर रक्तदाब कोसळू शकतो. २० वरून १५, १०, ७.५, आणि मार्चमध्ये ५. तिथून पुढे फार सावकाश. सकाळी आठ वाजता, गोळी घेण्याआधी, कॉर्टिसॉल, म्हणजे तेच स्वतःचं स्टेरॉइड, तपासलं: आधी ६, जुलैमध्ये ११.४ मायक्रोग्रॅम. तेव्हा गोळी सुटली. मधल्या काळात ताप-उलटी झाली तर डोस वाढवायचा, हे काकूंना दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

आता त्या इओसिनोफिलच्या आकड्याकडे. १०० च्या खाली इओसिनोफिल असणाऱ्याला इनहेलरमधल्या स्टेरॉइडचा लाभ फारसा होत नाही, न्यूमोनियाचा धोका मात्र राहतो. इनहेलरमधल्या फ्लुटिकासोन या स्टेरॉइडनं न्यूमोनिया वाढतो हे २००७ सालच्या टॉर्च चाचणीतच दिसलं होतं. म्हणून स्टेरॉइडचा इनहेलर काढून श्वासनलिका मोकळ्या करणारी ग्लायकोपायरोनियम आणि फॉर्मोटेरॉल एवढीच औषधं ठेवली. काकांना हे पटायला वेळ लागला.

लसी: फ्लूची, १३ प्रकारांची न्यूमोकोकसची, आणि आठ आठवड्यांनी २३ प्रकारांची. लसीला प्रतिसाद येतो का हे बघायला न्यूमोकोकसची प्रतिपिंडं मोजणं आदर्श, पण ती तपासणी आमच्याकडे सहज होत नाही. धनुर्वाताची होते. बूस्टरच्या आधी आणि चार आठवड्यांनी मोजली. आधी जेमतेम, नंतर भरपूर. म्हणजे प्रतिपिंडांचा कारखाना बंद पडलेला नव्हता. साखरेच्या आवरणाबद्दल यातून पूर्ण खात्री मिळत नाही, पण सलाईन थांबवून धरायला एवढा आधार मला पुरला.

अझिथ्रोमायसिन द्यायचं ठरलं, पण लगेच नाही. आधी कफ टीबीच्या आणि इतर मायकोबॅक्टेरियाच्या कल्चरला पाठवला. त्यांपैकी काही जंतूंवर हेच मुख्य औषध आहे, आणि ते जंतू असताना हे एकटंच दिलं तर हे औषध पुढे कायमचं हातचं जातं. कल्चरला सहा आठवडे लागतात. निगेटिव्ह आलं, ईसीजीत क्यूटी (हृदयाच्या विद्युत-लयीचं एक माप) ठीक होता, कानांची तपासणी झाली, आणि फेब्रुवारीत सुरू केलं: सोमवार, बुधवार, शुक्रवार. मॅक्रो चाचणीत वर्षाला माणशी ॲटॅक १.८३ वरून १.४८ वर आले होते आणि ऐकू येणं कमी झालेल्यांचं प्रमाण २० टक्क्यांऐवजी २५ टक्के होतं. दोन्ही आकडे काकांना सांगितले. "ऐकायला कमी आलं तर हिचं काय ऐकायचं राहील," म्हणाले, आणि गोळी घेतली.

त्यानंतर

पहिले दोन महिने कठीण गेले. स्टेरॉइड उतरताना अंग दुखायचं, भूक गेली, वजन ५२ वर आलं. काका दोनदा म्हणाले, "ती गोळीच बरी होती." अशा वेळी पेशंट परत त्याच दुकानात जातो, आणि तो गेला नाही याचं श्रेय काकूंना आहे. स्ट्रिप त्यांच्या ताब्यात होती. रोज श्वासाचे व्यायाम आणि बागेच्या बांधावर चालणं मुलानं सांभाळलं.

आयजीजी एप्रिलमध्ये ५४०, ऑगस्टमध्ये ६५५, ऑक्टोबरात ७२२. ग्लोब्युलिन २.४. जानेवारीपासून आतापर्यंत एकच ॲटॅक आला, सप्टेंबरात, आणि तो घरीच अँटिबायोटिकवर निभावला. एफईव्ही१ होता तिथेच आहे, ४५ टक्के. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. साखर ६.२ वर उतरली.

हा सुधार आयजीजीमुळेच झाला असं मी म्हणणार नाही. तोंडावाटेचं स्टेरॉइड गेलं, इनहेलरमधलं गेलं, लसी झाल्या, अझिथ्रोमायसिन आलं, चालणं वाढलं. हे सगळं एकाच वर्षात. एका माणसात यातलं कुठलं किती कामाला आलं हे वेगळं काढता येत नाही. मला खात्रीनं सांगता येतं ते एवढंच की आयजीजी मोजलं नसतं तर मी ती स्ट्रिप शोधली नसती आणि सहावा कोर्स लिहून दिला असता.

प्रत्येक सीओपीडीच्या पेशंटला ही तपासणी लावावी असं माझं म्हणणं नाही. वर्षात दोनदा किंवा जास्त वेळा अँटिबायोटिक लागलं, किंवा एकदा भरती व्हावं लागलं, आणि ग्लोब्युलिन २ च्या खाली आहे, अशांना जरूर लावावी. आयजीजी, आयजीए, आयजीएम तिन्ही एकत्र, ॲटॅक शमल्यावर. आणि सोबत अल्ब्युमिन व लघवीतलं प्रथिन, नाहीतर एकट्या आयजीजीचा अर्थ लागत नाही.

अझिथ्रोमायसिनचं वर्ष फेब्रुवारीत पुरं होईल. तेव्हा ते थांबवून कान, कफ आणि आयजीजी पुन्हा तपासायचं, आणि पुढचे सहा महिने त्याच्याशिवाय कसे जातात ते बघायचं असं ठरलं आहे. स्टेरॉइड नसतानाही आयजीजी पुन्हा ५०० च्या आसपास घसरलं, तर उपप्रकार मोजायचे, इलेक्ट्रोफोरेसिस परत करायचा, कारण लिम्फोमासारखे आजार कधी कधी आयजीजी कमी होऊन बऱ्याच उशिरा उघड होतात. आणि ॲटॅकही परतले तर इम्युनोग्लोब्युलिनच्या सलाईनचा प्रश्न मुलासोबत बसून नव्यानं, खर्चासकट, विचारात घ्यायचा.